एका रेणूवर अडलेली दुरुस्ती : ई. कोलायमधल्या अ‍ॅडा प्रथिनाचे प्रकरण

एकाच पेशीची प्रजा असलेले ई. कोलाय जीवाणू एकाच द्रवात वाढत आहेत. त्या द्रवात मिथाइल मिथेनसल्फोनेट, म्हणजे एमएमएस, सोडले जाते. हे रसायन डीएनएवर जागोजागी मिथाइल गट चिकटवते. सगळ्या पेशींची जनुके सारखी, अन्न सारखे, मारा सारखा. तरीही काही पेशी थोड्याच वेळात दुरुस्तीची प्रथिने धडाधड बनवू लागतात, आणि त्यांना खेटून असलेल्या काही पेशी एकाहून जास्त पिढ्या उलटल्या तरी हूं की चूं करत नाहीत. या गप्प पेशींच्या डीएनएला इजा होत असते. दुरुस्तीचे जनुक शाबूत असते, ते वाचणारी यंत्रणाही ठीक असते. फक्त इजेची खबर त्या जनुकापर्यंत पोचत नाही.

जीवाणू आपली दुरुस्तीची प्रथिने कशी नियंत्रित करतात हे शिकवताना आपण बाणांची आकृती काढतो: इजा, तिची जाणीव, जनुक चालू, प्रथिन तयार, इजा दुरुस्त. आकृती चूक नाही. पण पेशीत कोणत्या प्रथिनाचे किती रेणू आहेत हे ती सांगत नाही, आणि या प्रकरणात सगळा निकाल त्या संख्येवरच लागतो. म्हणून इथे आकृतीपेक्षा संख्येकडे जास्त लक्ष दिले आहे.

इजा कुठे होते

ई. कोलायच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख बेस-जोड्या आहेत. मिथाइल गट लावणारी रसायने त्यातल्या अनेक जागा गाठतात आणि प्रत्येक जागेचा परिणाम वेगळा असतो. सर्वांत जास्त मिथाइल गट ग्वानिनच्या ७व्या क्रमांकाच्या नायट्रोजनवर बसतात. तिथे ते फारसे नडत नाहीत. अ‍ॅडेनिनच्या ३ऱ्या नायट्रोजनवर बसलेला गट मात्र डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेची वाट अडवतो, आणि अशी इजा काढली गेली नाही तर पेशी मरते.

तिसरी जागा ग्वानिनचा ६वा ऑक्सिजन. इथे मिथाइल गट बसला की नक्कल थांबत नाही, पण चुकते. बिघडलेले ग्वानिन सायटोसिनऐवजी थायमिनशी जोडी लावते. पुढच्या नक्कलेत त्या थायमिनसमोर अ‍ॅडेनिन येते आणि मूळ जी-सी जोडीची ए-टी जोडी होऊन बसते. एकदा ही अदलाबदल झाली की दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही, कारण आता दोन्ही धागे एकमेकांशी नीट जुळलेले असतात. पेशीच्या दृष्टीने तो बिघाड नसून नवा मजकूर असतो. म्हणून ओ६-मिथाइलग्वानिनच्या बाबतीत दुरुस्ती कधी होते याला फार महत्त्व आहे. ती नक्कलेच्या आधी व्हायला हवी. पोषक द्रवात ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे हाताशी वेळ फार थोडा.

चौथी जागा डीएनएच्या कण्यातला फॉस्फेट. त्याच्या ऑक्सिजनवर मिथाइल गट बसला की फॉस्फोट्रायएस्टर तयार होतो. ही इजा जवळजवळ निरुपद्रवी आहे. तिच्यामुळे ना नक्कल अडते ना मजकूर बदलतो. पण पुढची सगळी गोष्ट या बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या इजेवरच उभी आहे.

१९७७चा प्रयोग

लंडनच्या मिल हिल भागात इम्पीरियल कॅन्सर रिसर्च फंडची प्रयोगशाळा होती. तिथे लिओना सॅमसन आणि जॉन केर्न्स यांनी ई. कोलायला एमएनएनजी या मिथाइल गट लावणाऱ्या रसायनाच्या अगदी सौम्य मात्रेत वाढवले. केर्न्स हे नाव जीवाणूंच्या अभ्यासकांना आधीपासून ठाऊक होते. ई. कोलायचे गोलाकार गुणसूत्र नक्कल होत असताना कसे दिसते याची छायाचित्रे त्यांनीच १९६३ मध्ये दाखवली होती. सौम्य माऱ्यात जीवाणू जितका काळ राहतील तितकी उत्परिवर्तने साचत जावीत, अशी साधी अपेक्षा होती. सुरुवातीला झालेही तसेच. पण काही वेळाने रसायन द्रवात असूनही नवी उत्परिवर्तने होणे थांबले.

मग या सरावलेल्या जीवाणूंवर तीव्र मात्रेचा मारा केला. सराव नसलेल्या जीवाणूंच्या तुलनेत त्यांच्यात उत्परिवर्तने कितीतरी कमी झाली आणि जगलेल्यांचे प्रमाणही जास्त निघाले. प्रथिने बनवण्याची प्रक्रिया अडवली तर हा सराव होतच नव्हता, म्हणजे पेशी काहीतरी नवे बनवत होती. आणि जे बनत होते ते तेव्हा माहीत असलेल्या एसओएस या दुसऱ्या दुरुस्ती-प्रतिसादातले नव्हते. एसओएसला लागणारे रेकए किंवा लेक्सए जनुक बिघडलेल्या जीवाणूंतही सराव होत होता, पण सरावलेल्या जीवाणूंना अतिनील किरणांपासून जादा संरक्षण मिळत नव्हते.

एसओएसचा उल्लेख आलाच आहे तर फरक इथेच सांगतो. एसओएसमध्ये लेक्सए हे प्रथिन ४०हून जास्त जनुके दाबून धरते. नक्कल अडली की डीएनएचा एकेरी धागा उघडा पडतो, त्यावर रेकएची माळ चढते आणि तिच्या सान्निध्यात लेक्सए स्वतःलाच तोडून घेते. म्हणजे तिथे पेशी इजा ओळखत नाही, इजेमुळे झालेला खोळंबा ओळखते. लेक्सए आणि रेकए या दोन्हींचे रेणू पेशीत शेकड्यांनी, हजारांनी असतात. मिथाइलच्या बाबतीत यातली एकही गोष्ट लागू होत नाही.

पुढे केर्न्स यांच्याच गटाला आणखी एक विचित्र गोष्ट आढळली. सरावलेल्या पेशींवर तीव्र मारा केला की ओ६-मिथाइलग्वानिन झपाट्याने नाहीसे होते, आणि मग दुरुस्ती एकाएकी थांबते. साधे विकर असे वागत नाही. विकराचा एक रेणू पुन्हा पुन्हा काम करतो, त्यामुळे वेळ दिला तर थोडेसे विकरही सगळे काम उरकते. इथे कामाचा कोटा ठरलेला दिसत होता. पेशीत जितके रेणू, तितक्याच दुरुस्त्या.

खुलासा १९८०च्या सुमाराला टोमास लिंडाल यांच्या गटाने केला. दुरुस्त करणारे प्रथिन ग्वानिनवरचा मिथाइल गट उचलून स्वतःच्याच एका सिस्टीनवर, म्हणजे गंधक असलेल्या एका अमिनो आम्लावर, घेते. त्या सिस्टीनमधले गंधक आणि मिथाइलचा कार्बन यांच्यातला बंध इतका पक्का असतो की तो गट पुन्हा सुटत नाही. काडेपेटीतल्या काडीसारखा हा रेणू एकदाच पेट घेतो, आणि विझल्यावर काडी पुन्हा वापरता येत नाही. ३५४ अमिनो आम्लांचे अख्खे प्रथिन एका मिथाइल गटापायी खर्ची पडते. एक अमिनो आम्ल साखळीत जोडायला पेशी साधारण चार उच्च-ऊर्जा फॉस्फेट बंध मोडते, म्हणजे एका मिथाइल गटाची किंमत १,४०० बंधांच्या आसपास. इतका खर्च पेशी सोसते यावरूनच ओ६-मिथाइलग्वानिन तिला किती महागात पडत असेल याचा अंदाज येतो. शिवाय या दुरुस्तीत डीएनएचा धागा कुठेही कापला जात नाही, बेस बदलला जात नाही. मूळ ग्वानिन जिथल्या तिथे जसेच्या तसे परत मिळते. कापाकापी नाही म्हणून त्यातून होणारी चूकही नाही.

अ‍ॅडाचे दोन हात

हे प्रथिन म्हणजे अ‍ॅडा. त्याचे दोन भाग आहेत आणि दोन्हींकडे मिथाइल गट स्वीकारणारे एकेक सिस्टीन आहे. शेवटाकडच्या भागातले ३२१व्या क्रमांकाचे सिस्टीन ओ६-मिथाइलग्वानिनवरचा गट घेते. हा झाला खरा दुरुस्तीचा हात. सुरुवातीच्या भागातले ३८व्या क्रमांकाचे सिस्टीन फॉस्फोट्रायएस्टरवरचा गट घेते, तोही दोन त्रिमितीय रचनांपैकी एकाच रचनेतला. प्रश्न असा की जी इजा पेशीला नडतच नाही ती दुरुस्त करण्यासाठी प्रथिनाचा अर्धा भाग कशाला राखून ठेवायचा?

त्याचे कारण हे की अ‍ॅडाचा हा हात दुरुस्तीसाठी नाहीच. तो इजा मोजण्यासाठी आहे. फॉस्फेट डीएनएच्या प्रत्येक पायरीवर आहे, मजकूर कुठलाही असो. मिथाइल गट लावणारे रसायन पेशीत शिरले की फॉस्फेटवर त्याच्या खुणा उमटतातच, आणि त्या निरुपद्रवी असल्यामुळे काढल्या जाईपर्यंत टिकून राहतात. घातक इजा मोजायची तर ती घातक ठरेपर्यंत थांबावे लागते. निरुपद्रवी इजा मोजली की धोका किती आहे हे नुकसान होण्याआधी कळू शकते. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत देखणा वाटतो. एसओएस खोळंबा होईपर्यंत वाट पाहतो. अ‍ॅडा रसायनाची खूण थेट वाचते.

खूण वाचल्यावर पुढे काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. अ‍ॅडाच्या सुरुवातीच्या भागात जस्ताचा एक आयन बसलेला असतो आणि ३८, ४२, ६९ आणि ७२ या क्रमांकांची चार सिस्टीने त्याला आपल्या गंधकांनी चारी बाजूंनी धरून असतात. चार गंधकांचा ऋणभार जस्ताच्या धनभारापेक्षा जास्त, त्यामुळे हा सगळा गोफ ऋणभारित असतो. डीएनएचा कणाही ऋणभारित. साहजिकच दोघे एकमेकांना दूर लोटतात, आणि अ‍ॅडा डीएनएवर कुठेही घट्ट बसत नाही. ३८व्या सिस्टीनने मिथाइल गट घेतला की त्या गंधकाचा ऋणभार जातो. लोटणे कमी होते. एवढ्याशा बदलाने प्रमोटरवरच्या, म्हणजे जनुकाचे वाचन जिथून सुरू होते त्या भागातल्या, ठरावीक क्रमाला चिकटण्याची अ‍ॅडाची क्षमता सुमारे हजारपट वाढते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनेच्या अभ्यासातून हा विद्युतभाराचा खटका स्पष्ट झाला. त्याआधी बराच काळ हे काम ६९व्या सिस्टीनकडे आहे असे मानले जात होते.

मिथाइल गट घेतलेले अ‍ॅडा आपल्याच जनुकाच्या प्रमोटरवर जाऊन बसते आणि जनुक वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला तिथे ओढून घेते. अ‍ॅडाच्या जनुकाला लागूनच अल्कबीचे जनुक आहे, ती दोन्ही एकत्र वाचली जातात. अल्कए आणि एडबी या आणखी दोन जनुकांच्या प्रमोटरवरही अ‍ॅडा बसते. अल्कए हे प्रथिन अ‍ॅडेनिनच्या ३ऱ्या नायट्रोजनवर मिथाइल गट बसला असेल तर तो बेसच कापून टाकते. अल्कबीचे काम जवळपास वीस वर्षे कुणालाच कळले नव्हते. २००२ मध्ये उलगडा झाला की लोह आणि २-ऑक्सोग्लुटरेट वापरून ते मिथाइल गटाचे ऑक्सिडीकरण करते, गट फॉर्मल्डिहाइड होऊन सुटतो आणि बेस पूर्ववत होतो.

या रचनेत एक चक्र आहे. मिथाइल लागलेले अ‍ॅडा आणखी अ‍ॅडा बनवते, त्यातल्या काहींना पुन्हा मिथाइल लागते, ते आणखी बनवतात. सराव नसलेल्या पेशीत अ‍ॅडाचे एक-दोन रेणू असतात. पूर्ण सरावलेल्या पेशीत ती संख्या हजारोंवर जाते. चक्र एकदा फिरू लागले की ते जोरात फिरते. अडचण असते ती पहिल्या फेरीची.

पहिल्या फेरीची अडचण

जाणीव करून देणारा रेणू आणि दुरुस्त करणारा रेणू एकच आहे, आणि मारा सुरू होण्याआधी त्याची संख्या सरासरीने एक-दोन आहे. पेशीचे आकारमान साधारण एक फेम्टोलिटर धरले तर तिच्यातला एक रेणू म्हणजे सुमारे १.७ नॅनोमोलर संहती होते. परीक्षानळीतल्या रसायनशास्त्रात अशी संहती लिहायला काही हरकत नाही. पेशीच्या आत मात्र तिला अर्थ नाही, कारण रेणूचे तुकडे होत नाहीत. पेशीत अ‍ॅडाचा रेणू एक तरी असतो किंवा एकही नसतो.

सरासरी एक असेल आणि रेणू निव्वळ योगायोगाने तयार होत असतील, तर प्वासाँच्या संभाव्यतेच्या सूत्राने शून्य रेणू असलेल्या पेशींचे प्रमाण ३७ टक्के निघते. सरासरी दीड असेल तर २२ टक्के, दोन असेल तर साडेतेरा टक्के. म्हणजे कुठल्याही क्षणी जीवाणूंच्या मोठ्या हिश्श्याकडे मिथाइलची इजा ओळखणारा एकही रेणू नसतो. हे कुठल्या दोषामुळे होत नाही. इतक्या कमी सरासरीवर यापेक्षा वेगळे काही होऊच शकत नाही.

२०१६ मध्ये स्टेफान उपहॉफ, डेव्हिड शेराट, योहान पॉलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे थेट पाहिले. अ‍ॅडाला चमकणारे प्रथिन जोडून त्यांनी जिवंत पेशीत त्याचे एकेक रेणू मोजले, आणि पेशींना मदर मशीन नावाच्या उपकरणात पिढ्यान्‌पिढ्या नजरेखाली ठेवले. या उपकरणात जेमतेम एका पेशीच्या रुंदीच्या चिंचोळ्या नळ्या असतात. नळीच्या बंद टोकाशी एक मातृपेशी अडकून राहते. ती विभागत राहते, तिच्या लेकी दुसऱ्या टोकाकडे ढकलल्या जातात आणि वाहत्या द्रवाबरोबर निघून जातात. द्रव बदलून मारा कधी सुरू करायचा हे ठरवता येते, आणि प्रत्येक मातृपेशीने नेमका कधी प्रतिसाद दिला हे सूक्ष्मदर्शकातून दिसते.

जे दिसले ते परीक्षानळीतल्या सरासरीतून कधीच दिसले नसते. ज्या पेशींत मारा सुरू होताना अ‍ॅडाचा एक जरी रेणू होता त्यांनी लवकर प्रतिसाद दिला. ज्यांच्यात शून्य होते त्या थांबून राहिल्या, आणि काहींनी एकाहून जास्त पिढ्या तशाच काढल्या. एकच जनुकसंच असलेल्या पेशींत प्रतिसादाच्या वेळेत एवढी तफावत होती, आणि ती योगायोगाने आलेली होती.

अशा एका पेशीच्या मागे जाऊ. आईकडे अ‍ॅडाचा एकच रेणू आहे. तिचे विभाजन होते. रेणू एका लेकीकडे जातो, दुसरीकडे काहीच जात नाही. आता एमएमएस येते. पहिल्या लेकीतल्या रेणूला फॉस्फोट्रायएस्टर सापडतो, तो मिथाइल गट घेतो, प्रमोटरवर बसतो आणि चक्र सुरू होते. दुसऱ्या लेकीच्या डीएनएवरही तेवढ्याच खुणा उमटल्या आहेत, पण त्या वाचणारे कुणी नाही. इजा वाढली म्हणून तिच्यात अ‍ॅडा बनण्याची शक्यता जराही वाढत नाही, कारण ती शक्यता वाढवण्याचे काम अ‍ॅडाचेच आहे. तिला जनुक आपसूक एकदा वाचले जाण्याची वाट पाहावी लागते. पिढीला सरासरी एक रेणू या हिशेबाने अख्खी पिढी रेणूविना जाण्याची शक्यता ३७ टक्के, दोन पिढ्या तशा जाण्याची साडेतेरा टक्के, तीन पिढ्या जाण्याची पाच टक्के. किरणोत्सारी अणू केव्हा फुटेल हे जसे सांगता येत नाही, तसेच ही लेक केव्हा जागी होईल हेही सांगता येत नाही. आधी कितीही वाट पाहिली असली तरी पुढच्या क्षणीची शक्यता तेवढीच राहते.

मधल्या काळात ती अगदीच उघड्यावर नसते, हेही सांगायला हवे. ओजीटी नावाचे दुसरे मिथाइल-स्वीकारी प्रथिन पेशीत कायम असते, साधारण ३० रेणू. टॅग नावाचे विकर ३-मिथाइलअ‍ॅडेनिन काढत राहते. तेही कायमचे. ही दोन्ही प्रथिने किरकोळ, रोजची इजा निस्तरतात. पण ओजीटीही एकदाच वापरता येते. मारा तीव्र असेल तर ३० रेणू संपायला वेळ लागत नाही, आणि ओजीटीला संपल्याची वर्दी देता येत नाही.

उशिरा जाग्या झालेल्या पेशींत उत्परिवर्तनांचा दर जास्त असतो, हा या अभ्यासाचा दुसरा महत्त्वाचा निष्कर्ष. १९७७च्या प्रयोगाकडे आता परत पाहिले तर तो आलेख वेगळा दिसू लागतो. उत्परिवर्तने आधी वाढली आणि मग थांबली, याचा अर्थ तेव्हा सगळ्या पेशी हळूहळू सरावल्या असा घेतला गेला. माझ्या वाचनाप्रमाणे त्या गुळगुळीत रेषेत बऱ्याच झटपट उड्या मिसळलेल्या असणार. प्रत्येक पेशीने आपापल्या वेळी उडी घेतली, आणि कोट्यवधी उड्यांची सरासरी काढल्यावर चढण सौम्य दिसली.

चक्र थांबते कसे, आणि सरासरी इतकी कमी का

मारा संपला की मिथाइल लागलेले अ‍ॅडा पुन्हा साधे होऊ शकत नाही. खटका चालू होतो तो चालूच राहतो. मग पेशी थांबते कशी? एक कारण असे की मिथाइल न लागलेले अ‍ॅडा मोठ्या संख्येत असेल तर ते मिथाइल लागलेल्या अ‍ॅडाच्या कामात अडथळा आणते. डीएनएवर खुणा उरल्या नाहीत की नवे बनलेले सगळे रेणू बिनमिथाइलचेच राहतात आणि आपल्याच जनुकाचा वेग कमी करतात. दुसरे कारण साधे आहे. प्रत्येक विभाजनाला रेणू दोन लेकींत वाटले जातात. ३,००० रेणूंपासून सुरुवात केली आणि उत्पादन लगेच थांबले असे धरले, तर रेणूंची संख्या दीडवर यायला ११ विभाजने लागतात. म्हणजे जी पेशी एकदा सरावली तिच्या पणत्या-खापरपणत्याही बराच काळ तयारीत असतात. ज्या मातेने प्रतिसाद दिला नाही तिच्या घराण्याला हा वारसा मिळत नाही. एका योगायोगाचे पडसाद असे दहा-अकरा पिढ्या उमटत राहतात.

मग नैसर्गिक निवडीने अ‍ॅडाची सरासरी वाढवून का घेतली नाही? सरासरी पाच केली की शून्य रेणूंच्या पेशी एक टक्क्याहूनही कमी उरतात. पाच रेणूंचा खर्च नगण्य आहे. लोकांना इथे लगेच एक उत्तर सुचते: जीवाणू मुद्दाम काही पेशी बेसावध ठेवतात, म्हणजे त्यांच्यात उत्परिवर्तने होऊन कठीण काळात एखादा तगणारा बदल सापडेल. हे उत्तर आकर्षक आहे आणि म्हणूनच मला ते सहजासहजी मान्य करवत नाही. एखादी गोष्ट घडते आणि तिचा उपयोग होऊ शकतो, एवढ्याने ती त्या उपयोगासाठी निवडली गेली असे ठरत नाही. मला पहिल्यांदा तपासावेसे वाटते ते चक्राचेच गणित. स्वतःला वाढवणारे चक्र जितके जोरदार, तितके ते चुकून सुरू होण्याचा धोका मोठा. पेशीत बाहेरचे रसायन नसतानाही थोडेफार मिथाइलीकरण चालूच असते. पेशीच्या रोजच्या कामात मिथाइल गट पुरवणारे एस-अ‍ॅडिनोसिलमिथिओनिनसुद्धा डीएनएवर कधीमधी अशी खूण उमटवते. हाताशी अ‍ॅडाचे बरेच रेणू असते तर अशी प्रत्येक खूण हजारो रेणूंचे निरर्थक उत्पादन सुरू करण्याची शक्यता वाढली असती. कमी सरासरी ही कदाचित त्या जोरदार चक्राची किंमत असेल.

दुसऱ्या जीवाणूंनी हीच कामे वेगळ्या तऱ्हेने वाटून घेतली आहेत. बॅसिलस सबटिलिसमध्ये अ‍ॅडाचे दोन हात दोन वेगळी प्रथिने आहेत: अ‍ॅडाए खूण वाचून जनुके चालू करते, अ‍ॅडाबी ओ६-मिथाइलग्वानिन दुरुस्त करते. क्षयाच्या जीवाणूत खूण वाचणारा भाग अल्कएला जोडला गेला आहे. माणसात एमजीएमटी हे प्रथिन त्याच सिस्टीनच्या युक्तीने चालते, पण स्वतःचे जनुक चालू करण्याचा हात त्याला नाही. मेंदूच्या काही कर्करोगांत टेमोझोलोमाइड हे मिथाइल गट लावणारे औषध कितपत लागू पडेल हे बऱ्याच अंशी त्या गाठीत एमजीएमटी आहे की नाही यावर ठरते. आणि निसर्गात जीवाणूंवर असा मारा कोण करते, या प्रश्नाचे निदान एक उत्तर ठाऊक आहे: स्ट्रेप्टोझोटोसिन हे मिथाइल गट लावणारे प्रतिजैविक मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीतल्या जीवाणूंपासूनच मिळाले.

मोजणाऱ्यांसाठी यात काय आहे

जीवाणूंच्या उत्परिवर्तनाचा दर काढायच्या रूढ पद्धती १९४३च्या लुरिया आणि डेलब्रुक यांच्या प्रयोगातून आल्या आहेत. त्यांच्या मांडणीत सगळ्या पेशींचा दर सारखा धरलेला असतो. अ‍ॅडाच्या प्रकरणात तसा तो नाही. एकच उत्परिवर्तन मोजायचे असेल तर फार बिघडत नाही, सरासरी सरासरीच राहते. एकाच पेशीत दोन उत्परिवर्तने एकत्र यावी लागतात तेव्हा मात्र हिशेब चुकतो.

उदाहरण म्हणून आकडे धरू, मोजलेले नव्हे, नुसते धरलेले. ७५ टक्के पेशींचा दर १ आणि बेसावध २५ टक्के पेशींचा दर १०. सरासरी येते ३.२५. दोन स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच पेशीत येण्याची शक्यता दराच्या वर्गावर ठरते. सरासरीचा वर्ग १०.६ च्या आसपास. पण वर्गांची सरासरी काढली तर ती २५.७५ निघते, जवळजवळ अडीचपट. आणि त्यातला २५चा वाटा एकट्या बेसावध पेशींचा. एकूण सरासरी दर जराही न बदलता दुहेरी उत्परिवर्तने अडीचपट होतात, ती केवळ एका रेणूच्या वाटणीतल्या योगायोगामुळे. प्रतिजैविकाला पुरता प्रतिकार येण्यासाठी जिथे दोन बदल लागतात, तिथे या फरकाला वजन आहे. माऱ्याखालच्या जीवाणूंचा दर सांगताना तो किती पेशींत कसा विभागलेला आहे हेही मोजून सोबत द्यायला हवे. मदर मशीनसारखी साधने हाताशी असताना नुसती सरासरी देऊन थांबायला आता कारण उरलेले नाही.